प्लास्टरवरचं व्हिनेगर

मुरगळलेला पाय बाकावर पसरून ती दवाखान्यात बसली होती, पण कान होते शेजारच्या बापलेकीकडे. बापाच्या हाताचं प्लास्टर आज निघणार होतं आणि लेकीने त्यावर अख्खं रसायनशास्त्र गिरवून ठेवलं होतं.

"बाबा, उद्या काढूया ना! पेपर झाल्यावर. पुन्हा नापास झाले तर?"

"अगं, तुझ्या कार्बनांपायी महिनाभर खाज सोसली मी! हा घे कागद. इकडे न बघता व्हिनेगर काढ."

"हा कार्बन, त्याला तीन हायड्रोजन. त्याच्याशेजारी दुसरा कार्बन. त्याला दोन रेघांनी ऑक्सिजन, आणि इकडे ओ-एच. झालं."

"चुकलं! प्लास्टरवर या दुसऱ्या कार्बनला आणखी एक हायड्रोजन आहे."

"छे! मग त्याला पाच हात होतील. कार्बनला चारच असतात, बाबा."

"पण इथे तर तूच काढलायस."

"बघू? अय्या! प्लास्टरच चुकलंय!"

"म्हणजे महिनाभर मी चुकीचं व्हिनेगर मिरवत होतो?"

"प्लास्टरवाले, आत या!" कंपाउंडरने दारातून हाक मारली.

"आलो, आलो! उठा ना बाबा! काका, कापून टाका ते!"