ढग नसलेला फोटो

उपग्रहाच्या फोटोंवरून तळ्यांचे आणि पाणथळ जागांचे नकाशे करणारी ती, बसमध्ये मागच्या सीटवरच्या कोळी बापलेकीचं बोलणं ऐकत होती.

“अख्खं तळं गेलं, आणि मला फोनवर एका शब्दानं बोलला नाहीत, आबा?”

“काय बोलू? नकाशात ते तळं नाहीच. पडीक जमीन आहे.”

“पडीक? मग एवढी वर्षं मासे काय आभाळातून पडत होते?”

“फोटो भर उन्हाळ्यातला घेतला. पावसाळ्यात ढग आड येतात म्हणे.”

“म्हणजे पाणी असताना बघायचं नाही, आणि आटलं की शिक्का मारायचा! डोकी गहाण ठेवलीत का मेल्यांनी?”

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून हळूच पर्समध्ये टाकलं.

“तुम्ही अर्ज नाही केलात?”

“केला की. साहेब दोन वर्षांनी आले बघायला. तोवर पडीक म्हणून ती जागा बिल्डरला गेली होती. त्यानं मुरूम टाकून सगळं बुजवलं.”

“मग साहेब काय म्हणाले?”

“मुरमावर बूट आपटून बघितला आणि म्हणाले, ‘आजोबा, उगाच तक्रार केलीत. नकाशा अगदी बरोबर आहे.’”