मोजे घालून नाडी

बसच्या रांगेत माझ्यापुढे जावई आणि सासरे उभे होते.

"मामा, दोन वर्षांत देशभर आपल्या आलिशान गाडीची चाळीस शोरूम!"

"आज किती आहेत?"

"एक. काच बसायची राहिलीय. पण उद्या कंपनीचे साहेब तपासणीला येतायत. सर्व्हिसला मुरलेला मेकॅनिक दिसला नाही, तर डीलरशिप गेली. तुम्ही याल ना?"

"तिथे पांढरे हातमोजे घालावे लागतात म्हणे."

"कंपनीचा नियमच आहे."

"चाळीस वर्षं बोटांनी इंजिन ओळखलं. मोजे घालून नाडी कोण बघतं रे?"

"मामा, मी तुमचं नाव कळवून बसलोय."

"लग्नही असंच ठरवलंस. आधी गावभर सांगितलंस, मग मला विचारलंस. येतो."

"मामा!"

"मिठी नंतर मार. आधी हात दे, या बसची पायरी फार उंच आहे."