पाटावरून उठेना

— दमलेय म्हणून मला नको सांगूस, वहिनी. शेफालीचं लग्न तोंडावर, गुरुवारी हळद, आणि नवरीची आई मासळीच्या पाटावर कण्हत बसलीय.

— हळू बोल गो रखमा. गिऱ्हाईक ऐकेल. ओ मॅडम, बोंबील बघा, आत्ताच आलेत!

— अंगावरून घाण जातेय, ते किती दिवस लपवणार?

— मासळीबाजारात वास कोणाला कळतो?

— मला कळतो. ओटीपोट दाबून बसतेस. अंगाला हात लावला तर चटका बसतोय.

— दुखण्याची गोळी घेतलीय. सकाळपासून तिसरी.

— आणि पाणी?

— बाजारात पाणी कोण पितं? मग जायचं कुठे? त्या संडासात, कडी नसलेल्या? तू पितेस?

— नाही.

— मग? उलट एक बरं झालंय. कालपासून मला जावंच लागलं नाही.

— रात्रीपण नाही?

— नाही. आई म्हणायची, कोळणीनं दिवसभर न उठता बसायला शिकावं. या वयात शिकले बघ.

— हात दे. बांगडी रुतलीय तुझी. तोंडपण सुजलंय.

— लग्नात जाड दिसेन, दिसू दे. ही चार पापलेटं जाऊ देत, मग येते.

— पापलेटं घाल खड्ड्यात. ऊठ.

— उठते गो... रखमा, पाय टेकत नाहीत.

(परळ. हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर.)

— तुम्ही गुणवंतीच्या कोण?

— नणंद, डॉक्टर. काय झालंय तिला?

— गर्भपिशवीच्या बाजूला पू साचलाय. जंतू रक्तात पसरलेत. वर पोटात पाणी नाही, नुसत्या गोळ्या. दोन्ही किडन्या थांबल्यात. लघवी होत नव्हती, कोणाला सांगितलं नाही?

— सांगितलं ना. बरं झालं म्हणाली.

— बरं?

— आम्ही बाजारात बसतो, मॅडम.

— डायलिसिस लावतोय. पूही काढायचाय, पण बीपी टिकत नाही.

— गुरुवारी पोरीची हळद आहे. तोवर बसती होईल ना?

— नवरा कुठे आहे त्यांचा?

— समुद्रावर. बोट घेऊन गेलाय.

— लावा त्यांना फोन. लावत राहा.

(संध्याकाळ. त्याच दाराबाहेर.)

— हॅलो? हॅलो, जगनदादा?

— अगो, किती मिसकॉल! आत्ता रेंज आली. धक्का दिसायला लागला. सुरमई मिळालीय, हळदीला पुरून उरेल. दे तिला फोन, खूश होईल.

— दादा, बोटीवर कोण आहे तुझ्याजवळ?

— खलाशांतला मितेश आहे. का गो?

— त्याला जवळ बसव.

— रखमा, फोन तिला दे.

— गुणवंती गेली, दादा. आज, मंगळवारी, दुपारी.