सायलेन्सर जुनाच

पंक्चर काढायला थांबलेल्या बाईंचे कान शेजारच्या जुन्या मोटारसायकलकडे लागले होते. गाडीचे मालक आत रंग निवडत होते आणि त्यांची बायको मेकॅनिकला हळूच सांगत होती.

“सीट बदला, हँडल बदला, पण सायलेन्सर जुनाच ठेवा.”

“वहिनी, केवढा फटफटतो तो!”

“म्हणून तर! कोपऱ्यावर फटफट ऐकू आली की मुलं टीव्ही बंद करतात आणि साखर बंद असलेल्या सासूबाई साखरेचा डबा जागेवर ठेवतात. यांना सांगू नका हं!”

वहिनी भाजी आणायला गेल्या. मालक बाहेर आले.

“साहेब, सायलेन्सरचं काय करायचं?”

“त्याला हात लावू नकोस. कोपऱ्यावर मी मुद्दाम दोनदा रेस करतो.”

“मुद्दाम?”

“मग? आईला हल्ली पटकन उठवत नाही. डबा ठेवायला वेळ नको तिला?”