यंदाचं बाटिक

...अहो, मी कुठे म्हटलं होतं माझी हाडं तपासा म्हणून? रविवारची कवायत झाली, केळ्याची भजी खात उभी होते, तर आमच्या गल्लीच्या पुढारीण हर्ताती बाई ओरडल्या, "वुर्यानी, मशीन आलंय, फुकट आहे, टाच ठेव!" आता फुकट म्हटल्यावर आमच्या सेमारांग शहरातली बाई मागे हटेल? ठेवली टाच! नि तपासणाऱ्या पोरीचा चेहरा खर्रकन उतरला... चांगल्या आहेत हो आमच्या बायका, पण छळतात!

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "मावशी, पाळी लवकर गेली, हाडं ठिसूळ झालीत. हार्मोनच्या गोळ्या सुरू करू." किंमत ऐकली नि म्हटलं, राहू द्या! तेवढ्यात आमचा महिन्याचा तांदूळ येतो. पण तुम्हाला सांगते, आतून घाबरले होते. माझी आई न्हाणीत घसरली, खुबा मोडला, ती पुन्हा उठलीच नाही हो.

बरं, आमच्या गल्लीत एकटीनं काही करायची सोय नाही. लग्न असो, मिरवणूक असो, सगळ्यांचं कापड एक! पुढच्या आठवड्यात ही अख्खी पलटण डॉक्टरांच्या दारात. "वुर्यानीला सांगितल्यात तशाच गोळ्या आम्हालाही द्या!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, औषध आहे ते! गरज असेल तिलाच मिळतं!" तपासलं, तर सगळ्या ठणठणीत. हाडं चांगली निघाली म्हणून रडकुंडीला आलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली... हर्ताती बाई! चांगल्या आहेत हो, पण छळतात!

मग काय केलं असेल यांनी? ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला नवं बाटिक घ्यायचं म्हणून पैसे जमले होते. हर्ताती बाई दारात हजर. "कापड रद्द. हे घे, वर्षभराच्या गोळ्या आण."

"अहो, नको..."

"गप बस! तू अंथरूण धरलंस तर आम्ही हसायचं कुणाला?"

रडले हो मी. ढसाढसा रडले.

मिरवणुकीत सगळ्या गेल्या वर्षीच्या पिवळ्या कापडात. कुणाचं बटण लागेना, कुणाची शिवण उसवलेली! पलीकडच्या गल्लीनं खिजवलंच, "काय हो, यंदा नवं बाटिक नाही वाटतं?" तर हर्ताती बाई भर रस्त्यात गरजल्या, "आहे की! वुर्यानीच्या हाडांत आहे!"

आता रोज सकाळी दारादारातून हाका, "गोळी घेतलीस का गं?" परवा पायरीवर जराशी अडखळले, तर चार घरांतून एकच किंकाळी, "अगं, आमचं कापड!" देव भलं करो त्यांचं... पण तुम्हीच सांगा, अख्ख्या गल्लीचं बाटिक अंगात घेऊन फिरणाऱ्या बाईनं करायचं काय? मला आता पडायचीसुद्धा सोय राहिली नाही!