फ्लॅश नसलेला कॅमेरा

तो नको, दादा, त्याच्या डोक्यावर फ्लॅश हाय — मला बिनफ्लॅशचा दाखवा. असतात ना तसे? मोबाईलवर बघितलंय मी, महागड्या कॅमेऱ्यांना फ्लॅश नसतोच — हसू नका, जास्त पैसे द्यायचे नि वस्तू कमी घ्यायची, मला पण गंमतच वाटली. आणि आवाज न करणारा पायजे. माझा हा ऐका — खटाक्. हळदीत डीजेपुढं चालून जातं, खाडीवर नाय चालत. पक्ष्यांचे काढतो मी. ते गुलाबी पाहुणे येतात ना, फ्लेमिंगो, उडून जातात आवाजानं. आत्ता नसतात ते? पितृपक्षात नसतात होय — मग बगळे. बगळ्यांचे काढतो. अंधुक उजेडात माणसाचा — बगळ्याचा चेहरा नीट आला पायजे, एवढंच.

आता हा फोटो बघा, मोठा करून बघा, नुसते दाणेच दाणे. डंपर हाय तो. पहाटे ओहोटीला जाळं बघायला जातो मी, तर तिवरांमधी — तुमी खारफुटी म्हणता ती — हे लोक डेब्रिज ओतत होते — आमची खाडी बुजवतायत, दादा, खेकडा मिळत नाय आता तिथं. नंबर आलाय, पण तो टोपीवाला कोण ते कळत नाय. हात वर करून डंपर मागं घेतोय तो. तुमाला कुणासारखा वाटतो? तुमी काय सांगणार म्हणा, तुमी दाजींना कुठं बघितलंय.

दाजी म्हणजे आमच्या किशोरीताईचे मिस्टर, कमलाकर. हा कॅमेरा त्यांनीच दिला मला. लग्नात कान पिळला मी त्यांचा — कानपिळीला लोक कपडे देतात, नायतर घड्याळ, यांनी हा डबा हातात ठेवला, सगळा मांडव बघत राहिला. शिकवलं पण त्यांनीच. चक्रावर हिरवी खूण हाय ना, तिथंच ठेव, कुंदन, बाकीचं कॅमेरा बघतो. मी तिथंच ठेवली. खाडीवर पण तिथंच. पहिले दोन-तीन फोटो डंपरच्या लाईटीत आले, मग त्यांनी लाईट बंद केली नि याचा फ्लॅश आपोआप वर — लख्ख. आख्खी तिवरं दिसली, फोटोत मात्र पुढची पानंच आली. मी पण दिसलो असणार.

कुणी ओरडलं नाय. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं मला. सगळे नुसते उभे. मी पळालो चिखलातनं, चपला तिकडंच राहिल्या. ओळखलं नसेल म्हणता? अवो, आमच्या पाड्यात कॅमेरा एकच हाय, घराघरातल्या हळदीला हाच फ्लॅश मारलाय मी त्यांच्या डोळ्यांवर. तेव्हापासून जेवण जात नाय. पोलिसांत द्यायचा फोटो — देणारच होतो, पण तो टोपीवाला दाजी असले तर? ताईला काय तोंड दाखवू? म्हणून म्हणतो, चांगला कॅमेरा द्या, एकदा नीट चेहरा येऊ दे. ते दाजी नायत एवढं कळलं की झालं. मग मी कुणाला नाय घाबरत — थांबा, फोन.

हां दाजी. नाय, पनवेलात आलोय, असाच. कॅमेरा? हाय ना, बरोबरच हाय. बरं. चपला? — हां, माझ्याच. बरं. येतो.

ठेवला. संध्याकाळी खाडीच्या बांधावर ये म्हणतात, एकटाच ये, कॅमेरा घेऊन, हळदीचे फोटो काढायचेत. दादा, तुमीच म्हणालात ना मघाशी, पितृपक्ष हाय, गिऱ्हाईक नाय. मग हळद कुणाची असंल?

नको, नवीन नको, कपाटात ठेवा तो. माझाच द्या. कार्ड तेवढं काढून तुमच्याकडं ठेवा. आणि कुणी विचारलं, तर मी बगळ्यांसाठी आलो होतो म्हणा.