परत न आलेली शेपूट

—नाही नाही, ती जागा नको, तिथं पंख्याखाली बसलीस की सूप गार होतं. इकडं ये, माझ्या गल्ल्याजवळ, म्हणजे मला ओरडून बोलावं लागणार नाही. आणि चहा लगेच पिऊ नकोस, आधी वाटी आणि जेवायच्या काड्या विसळून घे त्यात — हं, घेतेस की! वळण आहे हो. आमचा किन-हांग म्हणालाच होता, आई, हिउ-लाम तुला परकी वाटायचीच नाही. म्हणजे मी जशी काही नाक मुरडायलाच बसले होते. खा, खा. हा चार सिउचा, गोड भाजलेल्या डुकराचा तुकडा बघ, कडेचा, जळका — हा आमचे हे रोजच्या गिऱ्हाइकालासुद्धा देत नाहीत. तुझ्यासाठी सकाळीच बाजूला काढून ठेवला. बोलले काही नाहीत, ते बोलतच नाहीत, पण ठेवला. सासऱ्याची पसंती आली समज. आणि हे कुरकुरीत कातडीचं. वाजतंय ना दाताखाली? कातडीला सुया टोचाव्या लागतात बाई, बारीक बारीक, इंच सोडायचा नाही. जरा आळस केला की कातडी फुगत नाही, चामडं होतं. नूडल्स आधी संपव पण, त्या फुगतात मग.

ते आता मागं आडवे झालेत. तीनला गर्दी ओसरते, साडेचारपर्यंत काही ते उठायचे नाहीत. किन-हांगला मी बदकं आणायला पिटाळलंय — खरं सांगू? मी नाही पिटाळलं, तोच गेला. काल म्हणाला, आई, तू बोल तिच्याशी, तुमचं बायकांचं तुम्हाला कळतं. माझ्या तोंडून निघत नाही म्हणे. लग्न करीन म्हणायला बरं तोंड उघडलं त्याचं! तर मीच सांगते. भट्टी आता तो घेणार. त्याच्या वडलांचा उजवा खांदा गेलाय, कामातून गेलाय. आणि गल्ल्यावर — गल्ल्यावर घरची बाई लागते. म्हणजे तू. वेधशाळेतली नोकरी सोडायची, आणि इथं बसायचं. झालं, सांगून टाकलं.

अगं, घास का थांबवलास? खा ना. एवढं काही अवघड नाही ते. काय करायचं असतं? बसायचं! ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, भात की नूडल्स, चिठ्ठी खिळ्याला टोचायची, एक माणूस आलं तर कुणाच्या तरी समोर बसवून द्यायचं. बस. मी तर बसल्या बसल्या सगळ्या मालिका बघून टाकल्या, टीव्ही इथून दिसत नाही, पण ऐकू येतो ना. दिसायला समोर बदकं आहेत — काचेत टांगलेली. त्यांच्या मधून रस्ता दिसतो थोडा. आभाळ नाही दिसत. तुला ते जड जाईल पहिल्यांदा, तुझं सगळं काम आभाळाचंच. वादळाचा आठ नंबरचा बावटा तुम्ही लावता ना? लावा. सगळा बाजार बंद होतो, पण आमच्या सासूबाई आठ नंबरलाही दुकान उघडं ठेवतात. भट्टी पेटलेली आहे तोवर गल्ला रिकामा दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. अगदी — आता तू पोरीसारखी म्हणून सांगते — मोरीत जायचं तरी शेजारच्या चहावालीला हाक मारून बसवायची. किन-हांग झाला त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत मी इथंच होते. कळा सोसत लोकांना विचारत होते, भात की नूडल्स. एकतीस वर्षं झाली.

तोंड इकडं कर जरा. त्या बघ सासूबाई, मागं वेताच्या खुर्चीत बसल्यात, देव्हाऱ्याखाली. अठ्ठ्याऐंशी आहे वय. कान गेलेत, पण नजर! नमस्कार कर हवं तर. राहू दे, त्या नाही मान हलवायच्या. मी माहेरी जाऊन येते म्हणाले ना, की अशाच बघायच्या. मग म्हणायच्या — तिकडं काय राहिलंय तुझं? डोकं-शेपूट खाऊन बसलेत तुझे लोक.

तुला नाही कळायचं. तुम्ही हल्ली लग्नात केकची कुपनं वाटता, डुक्कर कोण पाठवतंय. आमच्या वेळी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरी माहेरी जायची, बरोबर अख्खं भाजलेलं डुक्कर. म्हणजे सून पसंत आहे. माहेरच्यांनी मधलं ठेवून घ्यायचं, आणि डोकं आणि शेपूट संध्याकाळी परत पाठवायची. सगळं नीट सुरू झालं आणि नीट शेवटाला जाईल म्हणून. आमच्या ह्यांनी स्वतः भाजलं होतं ते, चोवीस वर्षांचे होते तेव्हा. काय रंग आला होता! आणि माझे वडील — ताई ओ गावची, होडीवर राहणारी माणसं आम्ही, कोळी, अख्खं डुक्कर आमच्या दारात कधी आलं होतं? ते इतके खूश झाले, इतके खूश, की सगळ्या होड्यांना वाटत सुटले. डोकं दिलं पलीकडच्या म्हाताऱ्याला, त्यानं त्यांना जाळं विणायला शिकवलं होतं म्हणून. शेपूट कुणा पोरानं पळवली. संध्याकाळी आईनं ताट काढलं तर त्यात ठेवायला काही नाही! आई रडायला लागली. मग दोन सुके मासे ठेवले, चांगले मोठे होते, त्यावर लाल कागद. सासूबाईंनी कागद उचलला, सगळ्या पाहुण्यांदेखत, आणि एवढंच म्हणाल्या, परत काही आलं नाही, म्हणजे तिकडं परत जायचं कारणही उरलं नाही.

हसू नकोस. मी पण हसले असते दुसऱ्या कुणाचं ऐकून. उठून जायचं होतं मग, असं म्हणशील — कुणी साखळदंड थोडाच घातला होता? नव्हता घातला. तेच तर. दोन बसा बदलल्या की ताई ओ! पण मला लाज वाटायची गं. वडलांची लाज वाटायची. त्या बोलायच्या आणि मला वाटायचं, खरंच आहे, आम्ही अडाणी, आमचं चुकलं, आता बसावं गप. वडील चिंग मिंगच्या, पितरांच्या कबरी पुजायच्या सणाच्या, आदल्या दिवशी गेले. चिंग मिंगला आमच्याकडनं किती डुकरं जातात ठाऊक आहे? आपलं सगळं युएन लाँग गाव आपापल्या पितरांना डुक्कर घेऊन जातं. भाऊ फोनवर सांगत होता आणि मी इकडं लाल दोऱ्या बांधत होते डुकरांच्या पेट्यांना. मी चौथ्या दिवशी पोचले घरी. पुरून झालं होतं. तेव्हापासून दर चिंग मिंगला लोकांच्या बापाच्या कबरीवरचं डुक्कर मी बांधून देते, आणि माझ्या बापाच्या कबरीवर मी एकदाही गेले नाही. एकदाही नाही, हिउ-लाम.

पूस ते. तुला रडवायला नव्हतं बोलावलं. मी तुला पटवायला बसले होते! बघ कसं पटवतेय. आता एवढं सांगितलंच आहे तर हेही ऐक, लपवून काय करू — भावानं ताई ओला पाण्यावरची खोली माझ्यासाठी झाडून ठेवलीय. सासूबाई गेल्या वर्षी म्हणाल्या, दुसरी आणून बसव, मग तू ऊठ. त्यांच्या तोंडून आलंय. म्हणून तर किन-हांगनं तुझं नाव घेतलं तेव्हा मी तुझा चेहरा नाही विचारला, शिक्षण नाही विचारलं. मनात म्हटलं, बसेल ना ती? एवढंच. वाईट आहे ना मी? आहे.

काय म्हणालीस? परत म्हण. — बसशील? त्याच्यासाठी? अगं, विचार कर... नाही, नको करूस विचार. हो म्हणालीस ना? ये मग. ये, बसूनच बघ, मिनिटभर. असं, या फळीखालून वाकून. उशी माझीच आहे, बदलू आपण. पाय त्या दांडीवर ठेव. बसलीस? मी इथं पायरीवर उभी राहते. बाई गं! बाहेरून हे दुकान असं दिसतं होय? ऊन आहे की चांगलं. वारा पण — कुठला म्हणायचा हा, दक्षिणेचा का? तू सांग, तुला कळतं — थांब, गिऱ्हाईक आलं. या काका, या. अगं वा, न सांगता हात गेला तुझा चिठ्ठ्यांकडं! पटकन...

सासूबाईंकडं बघ. मागं बघ. डोळे मिटले त्यांनी. तू बसलीस आणि त्यांनी डोळे मिटले. दिवसाउजेडी, भट्टी पेटलेली असताना, मान टाकून झोपल्या! कोण बसलंय याच्याशी त्यांना काही नाहीच. कुणीही चालतं.

ऊठ. ऊठ आधी तिथून! चिठ्ठी ठेव ती. काका, जरा थांबा हं. ये बाहेर, वाकून ये, डोकं आपटशील. पिशवी घे तुझी. किन-हांगला सांग, तुझी आई खाष्ट आहे, तोंडाची फाटकी आहे, मला दुकानातून हाकलून दिलं. सांग खुशाल. तू हवी असशील त्याला तर तो येईल वेधशाळेच्या दारात. आणि नाही आला तर — तर बरंच झालं म्हण. माझं काय? माझं काही नाही. मला सवय आहे. हात सोड माझा. सोड म्हणते ना, लोक बघतायत! जा. कोपऱ्यावर बस लागलीय, पळ.

...उठलात का सासूबाई? बसले. हे बघा, बसले मी. — बोला काका, काय देऊ?